स्टेजवर गिटारचा खर्ज हरवतो कुठे?

"मी एकटाच गिटार वाजवून गातो. बहुतेक बोटांनी, काही गाण्यांत पिकने. गिटार ड्रेडनॉट आहे, मोठ्या खोक्याची. सॅडलखाली, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीखाली, पिएझो पिकअप बसवून घेतलाय. प्रीॲम्प नाही, नुसता जॅक. घरी ती इतकी घुमते की लोकांना अशीच ऐकू जावी असं वाटतं. पण मिक्सरला लावली की आवाज पातळ आणि कोरडा होतो, पिकचा टकटकाट तेवढा पुढे येतो. बेस वाढवला की लगेच 'हूंऽऽ' सुरू होतं आणि साउंडवाला फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली ओढतो. काही वादकांची एकटी गिटार अख्खा हॉल भरून टाकते, खालची तार छेडली की छातीत जाणवते. त्यांच्याकडे असं काय असतं? गिटार बदलू, पिकअप बदलू, की मित्र म्हणतो तसं सब-ऑक्टेव्ह पेडल घेऊ?"
— खर्जाच्या शोधात

नमस्कार,

गिटार बदलू नका. घरी जी तुमच्या कानांना इतकं सुख देते, तिच्यात खर्ज आहे. तो वाटेत गळतोय. पिकअपचा निर्णयही थोडा थांबवा. पेडलचं मी शेवटी बोलते, कारण त्याची पाळी खरोखरच शेवटी येते.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि तुम्ही त्या एकच धरून लिहिल्या आहेत. खर्ज मिक्सरपर्यंत पोचत नाही, ही पहिली. जो थोडाफार पोचतो तो वाढवायला गेलं की गिटार घुमते, ही दुसरी. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. तुम्ही मात्र दोन्हींसाठी बेसचं एकच बटण फिरवताय, आणि त्या बटणाने दोन्हींपैकी काहीच सुटत नाही. मी वाजवतेही आणि मिक्सरवरही बसते, त्यामुळे हे खात्रीने सांगते: ज्यांची गिटार हॉल भरून टाकते त्यांच्या चॅनलवर बेस चढवलेला क्वचितच दिसतो. खाली कुठेतरी सुरांची एक अरुंद पट्टी खोल कापलेली असते आणि बाकीचं जवळजवळ सपाट असतं. त्या एका कापामुळे फेडर निर्धास्त वर नेता येतो, आणि वर गेलेल्या फेडरबरोबर खर्ज आपोआप वर येतो.

पण आधी पहिली तक्रार. "प्रीॲम्प नाही, नुसता जॅक" हे वाचलं आणि मी तिथेच थांबले. प्रीॲम्प म्हणजे पिकअपचा नाजूक सिग्नल मिक्सरला देण्याआधी सावरून घेणारं छोटं उपकरण.

पिएझो म्हणजे एक बारीक पट्टी. तिच्यावरचा दाब बदलला की तिच्यात व्होल्टेज तयार होतं. सर्किटच्या दृष्टीने ही पट्टी एका छोट्या कपॅसिटरसारखी वागते. सॅडलखालच्या पिकअपमध्ये साधारण १ नॅनोफॅरड किंवा त्याहून कमी. अशा कपॅसिटरच्या पुढे जे उपकरण जोडाल त्याचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) जितका कमी, तितके खालचे सूर अडतात. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पीडन्स १० ते २० किलोओहमच्या घरात असतो. १ नॅनोफॅरड आणि १० किलोओहम असा हिशोब मांडला तर कटऑफ, म्हणजे ज्याच्या खालचे सूर कापले जातात ती हद्द, जवळजवळ १६,००० हर्ट्झवर येतो. म्हणजे अख्खी गिटारच उतरणीवर आली, आणि सूर जितका खालचा तितका तो जास्त कापला गेला. मोकळ्या सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा. तो ४० डेसिबलहून जास्त खाली जातो. साउंडवाला गेन वाढवतो, त्याबरोबर खरखर वाढते, पिकचा टकटकाट वाढतो, आणि खर्ज होता तिथेच राहतो. तुम्ही जे वर्णन केलंय ते अगदी तंतोतंत हेच आहे.

काही मिक्सरवर आणि ॲम्पवर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी' असं लिहिलेलं इनपुट असतं, साधारण १ मेगाओहमचं. तिथे लावलंत तर कटऑफ १६० हर्ट्झपर्यंत खाली येतो. फरक लगेच ऐकू येईल, तरी ८२ हर्ट्झचा सूर अजून ७ डेसिबल कमीच असेल. १० मेगाओहमच्या प्रीॲम्पला तोच कटऑफ १६ हर्ट्झवर जातो आणि मग खालची तार पुरती येते. पिएझोसाठी बनवलेल्या प्रीॲम्पवर १० मेगाओहम हा आकडा असतो तो याचसाठी. खरेदी करताना बाकीच्या दहा बटणांआधी हा आकडा बघा.

"डीआय बॉक्स लाव, झालं" असा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. डीआय म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडण्याजोगा करणारी डबी. तो अर्धवट आहे. पॅसिव्ह डीआयच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याचा इनपुट इम्पीडन्स बहुधा १००-१५० किलोओहमच्या आसपास. प्रीॲम्प असलेल्या गिटारला तो उत्तम चालतो. तुमच्या नुसत्या पिएझोला तो लावलात तर एक हजार हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीवरच राहील. तुम्हाला हवा ॲक्टिव्ह, म्हणजे विजेवर चालणारा डीआय किंवा सरळ प्रीॲम्प, आणि तोही गिटारच्या जवळ. गिटार ते प्रीॲम्प ही केबल आखूड ठेवा: पिएझोच्या बाबतीत लांब केबलने पातळी घटते आणि विजेचा गुणगुणाट (हम) शिरतो. प्रीॲम्पच्या पुढे एक्सएलआर केबल (माइकची असते तशी) कितीही लांब न्या, काही बिघडत नाही.

हे एवढं केल्यावर पुढची कुठलीही खरेदी करण्याआधी घरी एक चाचणी करा. मोकळी सहावी तार अंगठ्याने छेडा आणि रेकॉर्ड करा, आधी नुसत्या जॅकने आणि मग प्रीॲम्पमधून. इअरबडवर ऐकू नका, चांगल्या हेडफोनवर ऐका. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये तारेच्या टोल्यानंतर मागे राहणारा घुमारा ऐकू आला, की तुमची पहिली तक्रार संपली.

आता पिकअपकडे. घरी गिटार वाजवताना तुम्ही नुसत्या तारा ऐकत नसता. वरची फळी हलते, मागची हलते, पोकळीतली हवा साउंडहोलमधून आत-बाहेर होते, आणि खोकं छातीला टेकलेलं असल्यामुळे खर्ज अंगातून कानापर्यंत जातो. सॅडलखालच्या पिएझोला यातलं फार थोडं कळतं. त्याला मुख्यतः तारेचा सॅडलवरचा दाब कळतो. म्हणून त्याचा टोला झटकन, कडक येतो आणि त्यामागचं लाकूड कमी येतं. जोरात स्ट्रम केलं की दीड ते तीन हजार हर्ट्झच्या भागात जो चिरका, बदकाच्या 'क्वॅक'सारखा आवाज येतो, तो यातूनच. तिथे ३-४ डेसिबल कापले की बराच निवळतो. खर्ज जास्त वाटावा म्हणून खर्ज वाढवण्यापेक्षा हा चिरका भाग उतरवणं कितीतरी जास्त उपयोगी पडतं, आणि त्याने फीडबॅकही (तुमचं ते 'हूंऽऽ') वाढत नाही. एवढा एक बदल केला की पुष्कळ जण "बेस वाढवला का?" असं विचारतात.

तरीही एका पिकअपची मर्यादा राहतेच. म्हणून ज्यांच्या गिटारचा आवाज तुम्हाला छातीत जाणवतो, त्यांतले बरेच जण दोन उगम वापरतात. अमेरिकन गिटारवादक मायकेल हेजेस हे नाव तुमच्या कानावर असेल. त्यांनी साउंडहोलमध्ये सनराइज हा मॅग्नेटिक पिकअप आणि जोडीला फळीवर चिकटवलेला फ्रॅप कॉन्टॅक्ट पिकअप अशी जोडी वापरली. एका गिटारमधून बेस गिटार वाजतेय असं वाटायला लावणारा तो आवाज मुख्यतः मॅग्नेटिकमधून येतो. ऑस्ट्रेलियन गिटारवादक टॉमी इमॅन्युएल ज्या मॅटन कंपनीच्या गिटारी वाजवतात, त्यांच्यात सॅडलखालच्या पिएझोबरोबर आत एक छोटा माइकही असतो. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण विचार एकच: एकाने वजन द्यायचं, दुसऱ्याने लाकूड आणि हवा.

तुम्हाला खर्ज हवाय, म्हणून पुढेमागे दुसरा उगम घ्यायचा झाला तर माझं मत मॅग्नेटिकला. तो तारेचं कंपन थेट पकडतो, खोक्याच्या घुमण्याशी त्याचा संबंध कमी, त्यामुळे आवाज मोठा केला तरी तो उशिरा घुमतो. त्याचा एक स्वभाव मात्र माहीत असू द्या. त्याला तारेतलं पोलाद कळतं, वरचं ब्राँझचं वेष्टण कळत नाही. त्यामुळे वेष्टण नसलेल्या पहिल्या दोन तारा जरा मोठ्या येतात. पोल-पीसचे, म्हणजे प्रत्येक तारेखालच्या चुंबकी टोकांचे, स्क्रू खालीवर करता येणारा पिकअप असेल तर त्या दोन तारांखालचे स्क्रू खाली करून हे जुळवता येतं.

दोन उगम जोडल्यावर पहिल्यांदा फेज तपासा, म्हणजे दोन्हींच्या लाटा एकाच वेळी वर-खाली होतात का ते. मॅग्नेटिक एकटा ऐका, पिएझो एकटा ऐका, मग दोन्ही एकत्र. दोन्ही मिळून आवाज एकट्यापेक्षा पातळ झाला, खालची तार जणू कोणी शोषून घेतली असं वाटलं, तर दोन सिग्नल एकमेकांना खाताहेत. प्रीॲम्पवर किंवा मिक्सरच्या एका चॅनलवर फेज उलटवण्याचं बटण असतं, ते दाबा. खर्ज एकदम परत येतो. इतकं सोपं असून कित्येकांच्या गिटारचं वजन याच बटणापायी गेलेलं मी ऐकलंय. पिकअप चांगले, प्रीॲम्प चांगला, आणि आवाज मात्र पोकळ.

आता दुसरी तक्रार, ते 'हूंऽऽ'. हा भाग सावकाश वाचा, कारण तुमचं खरं उत्तर इथे आहे.

गिटारच्या पोकळीतल्या हवेला स्वतःचा एक सूर असतो. ड्रेडनॉटमध्ये तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास सापडतो, गिटारगणिक थोडा इकडेतिकडे. स्पीकरमधून हा सूर गिटारवर येऊन आदळला की पोकळी त्याला साथ देते, फळी हलते, पिकअप ते पकडतो, स्पीकर आणखी मोठ्याने तेच परत पाठवतो. बेसचं बटण साधारण याच भागात काम करतं. म्हणजे ते वाढवताना तुम्ही जो सूर आधीच सर्वांत जास्त घुमतोय त्यालाच खतपाणी घालता.

तो सूर नेमका कोणता हे शोधायला कुठलंही यंत्र लागत नाही. शांत खोलीत गिटार मांडीवर घ्या, तारा एका तळहाताने दाबून बंद करा, तोंड साउंडहोलजवळ न्या आणि खालच्या सुरापासून हळूहळू वर सरकत 'ऊ' म्हणा. एका जागी खोकं एकदम जिवंत होईल, मागची फळी पोटाला थरथरलेली कळेल. तो सूर गळ्यात धरून ठेवा आणि सहाव्या तारेवर जुळवा. पहिल्या पडद्यावर ८७ हर्ट्झ, दुसऱ्यावर ९२, तिसऱ्यावर ९८, चौथ्यावर १०४, पाचव्यावर ११०. तुमचा खालचा आवाज तिथवर पोचत नसेल तर सहाव्या तारेवर हेच पडदे एकेक वाजवत जा. एखादा सूर बाकीच्यांपेक्षा फुगून येईल आणि चटकन विरेल. तोच. आकडा कागदावर लिहून गिटारच्या केसमध्ये ठेवा. हॉल बदलेल, स्पीकर बदलतील, तुमच्या गिटारचा हा आकडा फारसा बदलणार नाही.

आता प्रीॲम्पवर नॉच फिल्टर (एकच अरुंद पट्टी कापणारा) असेल तर तो या आकड्यावर लावा. नसेल तर मिक्सरवरच्या पॅरामेट्रिक ईक्यूत (सूर आणि पट्टीची रुंदी निवडता येणाऱ्या टोन-बटणांत) अरुंद पट्टी घेऊन ६ ते ९ डेसिबल कापा. पट्टी अरुंद असणं महत्त्वाचं. रुंद कापलीत तर शेजारचे सूरही जातील आणि पुन्हा पातळ आवाजाची तक्रार घेऊन तुम्ही मला पत्र लिहाल. अरुंद कापलीत तर काय होतं बघा: जो एक सूर बाकीच्यांच्या डोक्यावर बसला होता तो त्यांच्या ओळीत येतो. खर्ज कमी झाल्यासारखा न वाटता सारखा झाल्यासारखा वाटतो. मोकळी ई, तिसऱ्या पडद्यावरचा जी, मोकळी ए, तिन्ही एका ताकदीने येतात. आणि फेडर पूर्वीपेक्षा बराच वर जातो.

साउंडहोलचं रबरी झाकण हा दुसरा उपाय. पोकळीतल्या हवेचं ते आत-बाहेर होणंच त्याने थांबतं. पिएझो किंवा मॅग्नेटिकच्या आवाजावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमात मी ते बिनदिक्कत वापरते. दिसायला बरं नाही म्हणून पुष्कळ जण टाळतात. मला ते पटत नाही. प्रेक्षक तिथे ऐकायला आलेले असतात.

हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या आकड्याखालचं सगळं कापणारा) ७० हर्ट्झच्या आसपास ठेवा. सहावी तार डी-वर उतरवून वाजवत असाल, म्हणजे ७३ हर्ट्झ, तर ६० वर. त्याच्या खाली तुमच्या गिटारचा एकही सूर नाही. तिथे फक्त पायांचे धक्के, हात खोक्यावर आपटल्याचे धपधप आवाज आणि स्टेजची थरथर असते. हे सगळं स्पीकरची ताकद खातं. ते गेलं की राहिलेल्या खर्जाला जागा मिळते.

प्रीॲम्पवरचं फेजचं बटण एकच पिकअप असतानाही कामाचं असतं. कार्यक्रमात जितका आवाज ठेवणार तितक्यावर ते दोन्हीकडे करून बघा आणि ज्या बाजूला गिटार उशिरा घुमते ती बाजू ठेवा. जागा बदलली की उत्तर बदलू शकतं, म्हणून प्रत्येक साउंडचेकला हे करायचं. मुख्य स्पीकर तुमच्या पुढे असू द्या, मागे नको. आणि मॉनिटरच्या, म्हणजे तुम्हाला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरच्या, थेट समोर साउंडहोल रोखून बसू नका. खुर्ची थोडी तिरकी केली तरी फरक पडतो.

मॉनिटरबद्दल एक आग्रह. मॉनिटरमध्ये खर्ज मागू नका. तिथून १५०-२०० हर्ट्झच्या खालचं निम्मं काढून टाकायला सांगा. खोकं तुमच्या अंगाला टेकलेलं आहे, तुम्हाला तो तसाही जाणवतोच. मॉनिटर गिटारच्या सर्वांत जवळचा स्पीकर, त्यामुळे तिथला प्रत्येक जास्तीचा डेसिबल हॉलमधल्या स्पीकरच्या वाट्यातून जातो. तुम्हाला स्टेजवर थोडं कोरडं वाटेल, पण लोकांना भरदार मिळेल.

यापुढची गोष्ट ऐकण्याची आहे. घरी, कमी आवाजात, ईक्यू लावून तो तसाच स्टेजवर नेण्याची सवय असेल तर सोडा. आपला कान हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकतो आणि आवाज वाढला की त्याच खालच्या सुरांना कितीतरी जास्त दाद देतो. फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडले, ते आजही ध्वनीच्या पुस्तकांत असतात. घरी बरोबर वाटावं म्हणून चढवलेला बेस स्टेजवर चिखल होतो. मग साउंडवाला तो कापतो, आणि कापताना घाईत जास्तच कापतो. म्हणून प्रीॲम्पवरची बटणं मधोमध ठेवून या. नॉच तेवढा लावलेला असू द्या. बाकीचं कार्यक्रमाच्या आवाजावर, त्या जागेत ठरवा.

त्या वेळी वजन कुठे शोधायचं? ८० हर्ट्झवर नाही. सहाव्या तारेचा दुसरा स्वरांश (मूळ सुराच्या पटीत, त्याच्यासोबत वाजणारा वरचा सूर) १६५ हर्ट्झवर असतो, तिसरा २४७ वर. हे दोन नीट ऐकू आले की खालचा मूळ सूर कमी असला तरी आपला मेंदू तो पूर्ण करून ऐकतो. म्हणून १५० ते २५० हर्ट्झ हा भाग गिटारच्या भरदारपणाचं घर आहे. तिथे २ डेसिबल दिले की खोकं मोठं झाल्यासारखं वाटतं. सांभाळून द्या, कारण फळीचा स्वतःचा एक घुमणारा सूरही २०० च्या आसपास असतो. तो उठला तर त्यालाही अरुंद पट्टीने खाली बसवा. बँडबरोबर वाजवत असाल तर हिशोब बदलतो. १०० च्या खालचा भाग बेस गिटार आणि किक ड्रमचा असतो, तिथे तुमची गिटार घुसली की सगळ्यांचाच गोंधळ. तुम्ही एकटे वाजवता, तो अख्खा मजला तुमचाच आहे. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) घेत असाल तर त्याच्या रिटर्नवर, म्हणजे तो मिक्सरमध्ये परत येतो त्या चॅनलवर, २०० च्या खालचं काढून टाका. खर्जावरचा रिव्हर्ब वजन देत नाही, धूसर करतो.

स्पीकरबद्दल थोडक्यात. पाच-सहा इंची स्पीकरच्या ॲम्पकडून मोठ्या आवाजात ८२ हर्ट्झ मागणं व्यर्थ आहे, तो तिथे पोचतच नाही. लहान जागेत चालेल, हॉलमध्ये त्यातून डीआय काढून मोठ्या सिस्टिमला द्या. दहा-बारा इंची स्पीकर हवेत, आणि छातीत जाणवणारा जो आवाज तुम्ही म्हणता त्यात बहुतेक वेळा सब-वूफरचाही (फक्त खर्जासाठीच्या मोठ्या स्पीकरचाही) वाटा असतो. साउंडवाल्याला विचारा, "गिटार सबमध्ये जाते आहे का?" कित्येक ठिकाणी सबला फक्त किक आणि बेस पाठवायची रीत असते, आणि एकट्या गिटारच्या कार्यक्रमातही ती तशीच राहून जाते. या एका प्रश्नाने कधी कधी अख्खा कार्यक्रम बदलतो.

साउंडचेकला तुम्ही स्वतः बाहेर जाऊन ऐकलं पाहिजे. लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल) असेल तर त्यात तुमच्याच गिटारचा एक तुकडा भरा, खालची तार मोकळी वाजणारा, आणि तो चालू ठेवून हॉलच्या मध्यावर जा. भिंतीला लागून खर्ज फुगतो, म्हणून मागच्या भिंतीजवळ उभं राहून निर्णय करू नका. लूप वाजताना गिटार घुमणार नाही हेही लक्षात ठेवा. फीडबॅकची परीक्षा गिटार हातात घेऊन वेगळी करायची.

कॉम्प्रेसर (मोठे टोले दाबून आवाज सारखा करणारा) लागतोच असं नाही. लावलात तर हलका, दाबण्याचं प्रमाण २:१ किंवा ३:१, अटॅक (दाबायला लागण्याआधीचा वेळ) २०-३० मिलिसेकंद, म्हणजे टोला मोकळा जातो आणि मागचा घुमारा वर येतो. सर्वांत मोठ्या टोल्याला ३-४ डेसिबल दाबलं जावं, त्याहून जास्त नको. आणि तारा. जुन्या तारांतून वरचे स्वरांश जातात. वर म्हटलं तसं, खर्ज कळतोच मुळी त्या स्वरांशांतून. त्यामुळे मेलेल्या तारेचा खर्ज 'गोड' न वाटता बोथट वाटतो. तुम्ही १२चा संच (पहिली तार ०.०१२ इंच जाड) वापरत असाल तर १३चा लावून बघा. बोटांना आणि गिटारच्या गळ्याच्या (नेकच्या) सेटिंगला झेपत असेल तरच.

हातांबद्दल मात्र मला जरा बोलायचंय, कारण खरेदीच्या गडबडीत ते राहून जातं. टोला ब्रिजकडे सरकला की आवाज कडक आणि बारीक होतो. स्टेजवर ऐकू येत नाही म्हणून आपण नकळत जोर लावतो, आणि जोर लावताना हात ब्रिजकडे सरकतो. साउंडहोलच्या गळ्याकडच्या कडेवर अंगठा ठेवून, तार खाली ढकलून शेजारच्या तारेवर विसावू द्या. कमी जोरात जास्त खोल आवाज येतो. पिक जाड घ्या, एक मिलिमीटर किंवा वर. पातळ पिकचा स्वतःचा फडफडाट तारेइतकाच मोठा असतो.

कॉर्डही बघा. सहाव्या आणि पाचव्या तारेवर जवळजवळचे सूर, विशेषतः षड्ज आणि गंधार, एकत्र वाजले की मोठ्या आवाजात त्यांचा लगदा होतो. खाली षड्ज-पंचम-तार षड्ज अशी मोकळी मांडणी ठेवा आणि गंधार वरच्या तारांवर न्या. घरी फरक कळणार नाही, हॉलमध्ये खूप कळेल. तसंच कॉर्ड बदलताना आधीचा खर्ज अंगठ्याच्या कडेने बंद करा. मागचा सूर वाजत राहिला तर नव्याला वजन येत नाही. जे वादक अख्खा हॉल भरतात ते दर मात्रेला खालची तार वाजवत नाहीत, हे त्यांना ऐकताना एकदा मोजून बघा. दोन-चार मात्रा मध्यम तारांवर काढतात, आणि मग जेव्हा खालचा सूर येतो तेव्हा तो येतो.

राहिलं सब-ऑक्टेव्ह पेडल. ते ८२ हर्ट्झच्या खाली ४१ हर्ट्झचा सूर जोडतं, म्हणजे बेस गिटारच्या खालच्या तारेचा. सब-वूफर नसलेल्या सिस्टिममध्ये तो सूर ऐकू येणारच नाही, फक्त स्पीकर धापा टाकेल. आणि संपूर्ण कॉर्डवर लावलं तर प्रत्येक तारेखाली एकेक सूर येऊन गिचमीड होते. जे ते नीट वापरतात ते फक्त खालच्या तारांचा सिग्नल त्यात पाठवतात, तोही मूळ आवाजाच्या मागे, हलकासा. तुमच्याकडे आज पिएझोचा खर्जच मिक्सरपर्यंत पोचत नाहीये, तेव्हा पेडलला खाली उतरवायला सूरच मिळणार नाही. आधी १० मेगाओहमचा प्रीॲम्प, शक्यतो नॉच, फेज आणि हाय-पास असलेला, आणि एक साउंडहोलचं झाकण. एवढ्यावर दोन-चार कार्यक्रम करा. त्यानंतरही लाकडाचा टोला मिळतोय पण वजन कमी वाटतंय असं झालं, तर साउंडहोलमधला मॅग्नेटिक घ्या. मित्राचं पेडल त्यानंतर एका संध्याकाळपुरतं मागून आणा, सब असलेल्या हॉलमध्ये मॅग्नेटिकच्या चॅनलवर लावा, आणि मग ते घ्यायचं की नाही ते ठरवा.